निशाणीचा माणूस

भिंत आदल्या दिवशीच चुन्यानं पांढरी करून घेतली होती. काशीराम घाडीनं निळीचा डबा उघडला आणि कुंचला बुडवून फावडं काढायला घेतलं. आधी दांडा, मग पातं. अठरा वर्षं मरोळच्या त्या टेकडीखालच्या भिंतींवर पक्षाची निशाणी तोच काढत आला होता. हात आपोआप चालायचा. निशाणीखाली उमेदवाराचं नाव यायचं. महापालिकेची निवडणूक तीन आठवड्यांवर आली होती आणि नाव अजून जाहीर नव्हतं, पण वाडीत कुणाला शंका नव्हती. काशीरामनं दोरी धरून 'मार्तंड राऊळ' बसेल एवढी जागा आखून ठेवली होती.

पंच्याऐंशी सालचा एप्रिल. साडेदहालाच पत्रे तापले होते. रविवार असल्यामुळे काशीरामला सुट्टी होती. संपाआधी तो गिरणीत साचे चालवायचा. संपानंतर गिरणीनं परत घेतलं नाही, तेव्हापासून इथल्याच एका कारखान्यात पुठ्ठ्याचे खोके शिवत होता.

धाकू मेस्त्री उतारावरून आला तो हळूहळू. धाकू त्याचा शेजारी. विद्याधर पडत्यांच्या पत्र्याच्या प्रेसच्या कारखान्यात हेल्पर होता.

"काशीदादा, नाव आलं."

"मग? थोबाड का पाडलंस?"

"आमच्या शेठचं आलंय."

काशीरामला वाटलं, दुसऱ्या कुठल्या पक्षाचं सांगतोय. "कुठल्या निशाणीवर?"

धाकूनं भिंतीकडे बोट केलं. नीळ अजून ओली होती आणि फावड्याच्या पात्यावरून एक ओघळ खाली आखलेल्या जागेत उतरला होता.

घरी त्याची बायको मालन तांदूळ निवडत होती. डाव्या हाताची दोन बोटं, अंगठ्याजवळचं आणि मधलं, मुळापासून नव्हती. सूप धरलं की त्या खाचेतून ते सरकायचं, म्हणून ती सूप गुडघ्याला टेकवून बसायची.

ती बोटं पडत्यांच्या कारखान्यात गेली होती, गेल्या श्रावणात. पत्र्याच्या डब्यांची झाकणं काढायची मशीन. पायानं पायडल दाबायचं, उजव्या हातानं पत्रा सरकवायचा आणि डाव्या हातानं झाकण उचलायचं. मशीनला जाळी होती, पण जाळीनं माल कमी निघतो म्हणून ती काढून कोपऱ्यात उभी करून ठेवलेली होती. बायकांची नावं मस्टरवर नव्हतीच. त्यामुळे पडत्यांच्या वकिलानं कामगार कोर्टात लेखी दिलं की मालन घाडी ही बाई कारखान्यात कामाला नव्हती, ती कुणाचा तरी डबा घेऊन आली होती आणि गंमत म्हणून तिनं मशीनमध्ये हात घातला.

तेव्हा मार्तंड राऊळनं कारखान्याच्या फाटकावर नऊ दिवस पक्षाचा झेंडा रोवला होता. केस त्यानंच उभी केली होती. फाटकावर घोषणा काशीरामनं दिल्या होत्या, घसा बसेपर्यंत.

"कोणाक दिल्यानी तिकीट?" मालननं मान वर न करता विचारलं. वाडीत बातमी त्याच्याआधी पोचली होती.

"पडत्याक."

"होय?" तिनं एक खडा काढून दारातून बाहेर टाकला. "मग आता तुमी काय करतल्यात?"

"भाऊ येतले संध्याकाळी. बघूया, काय म्हणतत ते."

"भाऊ म्हणतले ता मी आत्ताच सांगतंय," मालन म्हणाली आणि परत तांदळात बघायला लागली.

भाऊ म्हणजे श्यामसुंदर तळपदे. पक्षाच्या परळच्या ऑफिसात चाळीस वर्षं काढलेला माणूस. दादरला राहायचा, पांढरा सदरा, दम्यानं छाती वाजायची. संपात काशीरामला दोन दिवस कोठडीत ठेवलं होतं, तेव्हा जामिनाचा कागद घेऊन भाऊच आले होते. संपाच्या त्या सगळ्या काळात वाडीत तांदळाची पोती उतरायची ती भाऊंच्या शब्दावर. काशीरामनं ते कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण भाऊ समोर आले की तो उभा राहायचा.

शाखेच्या खोलीत त्या संध्याकाळी पंचवीस-तीस माणसं दाटीनं बसली होती. पंखा बंद होता. भाऊ हळू बोलत होते.

"मला हे आवडलं असेल का? नाही आवडलं. पण तीन वेळा आपण इथं हरलो. पडत्यांकडे गाड्या आहेत, माणसं आहेत. निवडून आले की ते पक्षाचे झाले. मग त्यांना पक्ष वाकवेल."

"नाही वाकले तर?" मार्तंड भिंतीला टेकून उभा होता. चाळिशीचा, दाढीचे खुंट वाढलेले.

"मार्तंड, माणूस येतो जातो. निशाणी राहते. लोकांना सांगा, माणूस बघू नका, निशाणी बघा."

"भाऊ, आपण शिकवलंत मला. मालक एका बाजूला आणि आपण एका बाजूला. आता मालकच आपल्या बाजूला येऊन बसला तर मी उठू की नको?"

भाऊ खोकायला लागले. खोकला आला म्हणून असेल किंवा खोकला आणला म्हणून. मार्तंडनं छातीवरचा पक्षाचा बिल्ला काढला आणि टेबलावर ठेवला. ठेवताना आवाज झाला नाही.

"मी उभा राहतोय. अपक्ष. काशी, चल."

सगळ्यांनी काशीरामकडे बघितलं. काशीराम मांडी घालून बसला होता. उठायचं त्याच्या मनात होतं की नव्हतं, हे त्याला पुढंही नीट सांगता आलं नाही. पायाला मुंग्या आल्या होत्या एवढं आठवत होतं. मार्तंड दारात थोडा थांबला, चपला शोधल्यासारखं केलं आणि गेला. त्याच्या मागून चौघं गेले.

"काशीराम," भाऊ म्हणाले, "तुझ्या घरची गोष्ट मला माहीत आहे. म्हणूनच तू राहिलास तर बाकीचे राहतील. वहिनींच्या केसचं निवडणुकीनंतर आपण घरातल्या घरात बघू. पडत्यांशी मी बोलेन."

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर काशीराम भिंतीशी गेला. ओघळ चुन्यानं पुसून घेतला आणि आखलेल्या जागेत 'विद्याधर पडते' लिहिलं. शेवटचं अक्षर जरा दाटीनं बसवावं लागलं.

प्रचार सुरू झाला. काशीराम सकाळी सहाला पाणी भरून, साडेसात ते साडेचार खोके शिवून, पाचला फेरीत यायचा. खोक्यांच्या तारेनं बोटांची टोकं फाटलेली असायची, त्यात घाम जाऊन चुरचुरायचं. पडते पुढं, गळ्यात हार, मागं काशीराम यादी घेऊन. कुठल्या खोलीत कोण, कुणाचं गाव कुठलं, कुणाची आई आजारी, सगळं काशीराम पडत्यांच्या कानात सांगायचा आणि पडते ते दारात बोलून दाखवायचे. लोक काशीरामकडे बघायचे. मग म्हणायचे, "तू आहेस ना? मग झालं."

चौथ्या दिवशी फेरी त्यांच्या रांगेत आली. काशीराम म्हणाला, "साहेब, ही माझी खोली, इथं नको. पुढं चला." पडते थांबले. मागं वीस-पंचवीस माणसं होती.

"असं कसं? तुमचंच घर सोडून कसं जायचं?"

मालन दारात आली. पडत्यांनी हात जोडले. "वहिनी, बरं आहे ना? हात कसा आहे आता?"

मालननं पदर खांद्यावर नीट घेतला. आवाज चढवला नाही.

"तुमच्या वकिलान कोर्टात लिवन दिल्यान, मी डबो घेवन इल्लंय म्हणान. तुमच्या कारखान्यात मी कामाकच नव्हतंय. मग माझो हात कसो आसा ता तुमी कित्याक इचारतास?"

मागचा ढोलकीवाला वाजवायचा थांबला. पडते हसले, पण ते हसू कुठं ठेवावं ते त्यांना कळेना. त्यांनी काशीरामकडे पाहिलं.

"मालन," काशीराम म्हणाला, "गप रव."

ती गप्प राहिली. त्या दिवसापासून निवडणूक होईपर्यंत ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. जेवण वाढायची, डबा भरून द्यायची.

शेवटच्या सभेत भाऊंनी काशीरामला स्टेजवर बोलवलं. तो कधी माइकवर बोलला नव्हता. कागद लिहून दिला होता. त्यानं वाचला. 'पडतेसाहेब कामगारांना घरच्या माणसांसारखं वागवतात, हे मी जवळून पाहिलं आहे.' टाळ्या पडल्या. खाली उतरताना त्याला शिडीच्या निशाणीचे कागद रस्त्यावर पडलेले दिसले. मार्तंडची माणसं तेवढ्यातच वाटून गेली होती. माइक भाड्यानं घ्यायची त्यांची ऐपत नव्हती.

मतदानाच्या दिवशी म्युनिसिपल शाळेबाहेर, ठरलेल्या अंतरावर, दोन टेबलं लागली. एका टेबलाला कापडी छत, पाण्याचं पिंप, चहा. तिथं काशीराम यादी घेऊन बसला. पलीकडे बाकड्यावर मार्तंड स्वतः चिठ्ठ्या लिहीत होता. दोघांच्या मध्ये वीस पावलं. दिवसभरात दोघांनी एकमेकांकडे किती वेळा बघितलं ते मोजण्यासारखं नव्हतं, पण नजर एकदाही भिडली नाही.

सकाळी अकराच्या सुमारास धाकू आला. चिठ्ठी घेऊन तो तिथंच रेंगाळला.

"दादा, खरं सांग. मला रात्रीपासून कसंतरी होतंय. त्या दिवशी मशीन मीच बंद केली होती. वहिनींचा हात मी सोडवला होता."

"मग कोर्टात सांग की."

"पोटाला कोण घालेल? कोर्टाचं सोड. मताचं विचारतोय. तिथं आत कुणी बघत नाही ना?"

काशीरामनं आजूबाजूला बघितलं. पक्षाची दोन पोरं चहा पीत होती. ऐकत होती की नव्हती, कळत नव्हतं.

"माणूस बघू नको," काशीराम म्हणाला. "निशाणी बघ."

धाकूनं मान हलवली आणि गेला. त्याला बरं वाटल्यासारखं दिसलं. दुसऱ्यानं ठरवून दिलं की तसं वाटतं.

दुपारी दोनला मालन आली. एकटी. काशीरामच्या टेबलावरून सरळ पुढं गेली, मार्तंडच्या बाकड्यावरून चिठ्ठी घेतली आणि शाळेत शिरली. पक्षाच्या पोरांनी काशीरामकडे बघितलं. काशीराम उठला. "माझंही मत टाकून येतो," म्हणाला.

बायकांची रांग वेगळी होती, पण खोली एकच. टेबलामागं चष्मा लावलेला एक म्हातारा कारकून शाईची बाटली घेऊन बसला होता. मालननं डावा हात पुढं केला. कारकुनानं न बघता काडी शाईत बुडवली आणि बोटावर टेकवायला गेला. काडी टेबलावर टेकली. त्यानं वर बघितलं.

"बोट?"

"नाय," मालन म्हणाली.

कारकुनानं शेजारच्या अधिकाऱ्याला विचारलं. अधिकाऱ्यानं पुस्तक काढलं, पानं उलटली. मागची रांग चुळबुळायला लागली. कुणीतरी म्हणालं, "काय झालं गं?" मालन हात तसाच पुढं धरून उभी होती, पंजा वर करून. खाचेवरची कातडी गुलाबी आणि चकाकती होती. शेवटी अधिकारी म्हणाला, "डाव्या हाताचं जे असेल त्याला लावा." कारकुनानं करंगळीशेजारच्या बोटाला शाई लावली आणि हळूच म्हणाला, "माफ करा हं, बाई."

काशीराम तीन माणसांच्या मागं उभा राहून ते बघत होता. त्या कारकुनानं मागितली तेवढीही माफी घरात कुणी तिच्याकडे मागितली नव्हती.

त्याची पाळी आली. खोक्याच्या आडोशाला मतपत्रिका पसरली. फावडं वरून दुसरं होतं. ती छापील निशाणी त्याच्या हातच्या निशाणीपेक्षा बुटकी होती. शिक्का त्यानं फावड्यावर नेला. तिथं धरला. मग खाली आणला आणि शिडीवर दाबला. इतका दाबला की कागद टेबलाला चिकटला. घडी घालून पेटीत टाकली तेव्हा त्याचा श्वास मोकळा झाला. अंग हलकं वाटलं, तापातून उठल्यासारखं.

बाहेर येऊन तो परत टेबलावर बसला. अजून तीन तास होते. टेकडीवरच्या दोन म्हाताऱ्यांना त्यानं खुर्चीत बसवून उचलून आणलं. पहिल्या पाळीवरून सुटलेल्यांना गाठून आणलं. पाच वाजेपर्यंत यादीवर फुल्या मारत तो सगळ्यांना एकच सांगत होता. फावडं.

पडते दोनशे अकरा मतांनी निवडून आले. मिरवणुकीत गुलाल एवढा होता की गटारंही लाल झाली. त्या एका वाडीनंच चारशेच्या वर मतं दिली होती, असं सगळे म्हणत होते. भाऊंनी शाखेत काशीरामच्या गळ्यात हार घातला. "पक्ष अशा माणसांवर उभा आहे," म्हणाले. काशीरामनं मान खाली घातली. ते विनयानं आहे असं लोकांना वाटलं.

केसचं घरातल्या घरात काही झालं नाही. भाऊ दोनदा म्हणाले, बोलतो. तिसऱ्यांदा म्हणाले, कोर्टात आहे तर कोर्टात होऊ दे. जूनमध्ये साक्षीची तारीख लागली. धाकू गावी निघून गेला, आईला बरं नाही म्हणाला. उरला काशीराम. मालनला रोज संध्याकाळी कारखान्यातून आणायला तो जायचा. मशीनवर बसलेली तिला त्यानं शंभरदा पाहिली होती.

"येतल्यात?" मालननं विचारलं.

"येतलंय."

त्यानं खाडा केला, इस्त्रीचा शर्ट घातला आणि साक्षीला उभा राहिला. सगळं खरं सांगितलं. मशीन कुठं होती, जाळी कुठं ठेवली होती, मालन किती वाजता जायची. न्यायाधीश लिहून घेत होते. मग पडत्यांचा वकील उठला. तरुण होता, आवाज मऊ.

"घाडी, तुम्ही एप्रिलमध्ये पडत्यांचा प्रचार केलात?"

"होय."

"सक्ती होती?"

"नाही."

"शेवटच्या सभेत तुम्ही भाषण केलंत. पडते कामगारांना घरच्या माणसांसारखं वागवतात, हे मी जवळून पाहिलं आहे, असं म्हणालात?"

काशीराम न्यायाधीशांच्या पेनाकडे बघत राहिला.

"म्हणालात की नाही?"

"म्हटलं."

"मग तेव्हा खोटं बोललात की आत्ता खोटं बोलताय?"

काशीरामनं कठड्याला धरलं. मालन खाली बाकावर बसली होती. तिच्या शेजारी मार्तंड. काशीराम एकदम म्हणाला, "मी त्याला मत दिलं नाही साहेब. मी शिडीवर शिक्का मारला."

वकील न्यायाधीशांकडे वळून हसला. "त्याला पुरावा काय?"

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. "मत कोणाला दिलं ते इथं सांगायचं नाही. विचारलं तेवढंच बोला."

ते वाक्य लिहून घेतलं गेलं नाही.

बाहेर पाऊस होता. कोर्टाच्या आवारात ताडपत्रीखाली लोक चहा पीत उभे होते. मार्तंडनं तीन चहा सांगितले. स्वतःचा उभ्या उभ्या संपवला, मालनला म्हणाला, "निकालाला वेळ लागेल, वहिनी. मी येईन." काशीरामला काहीच म्हणाला नाही आणि छत्री उघडून गेला.

"खरा काय ता?" मालननं विचारलं. "शिडीवर?"

"होय."

तिनं कप दोन्ही हातांत धरला होता, डावा नुसता आधाराला.

"चारशे माणसांका सांगल्यात, तेका द्या म्हणान. सगळ्यांच्या देखत. आणि माका एक दिल्यात, ता आडोशाक जावन, चोरून."

"मालन..."

"माका सांगूकव नाय. दोन महिने मी तुमच्या ताटात वाढतंय, पडत्याच्या माणसाक वाढतंय म्हणान." तिनं उरलेला चहा ओतून टाकला. "शाखेत सांगतल्यात काय? जा, त्या सगळ्यांका सांगा. मग मी समजान, दिल्यात म्हणान."

बसमध्ये ती बायकांच्या जागेवर बसली. तो मागं उभा राहिला. ऑगस्टमध्ये निकाल लागला. मालन घाडी त्या कारखान्यात कामाला होती हे सिद्ध होत नव्हतं.

निकालानंतरच्या रविवारी शाखेची मासिक बैठक होती. भाऊ परळहून आले होते. पडते मधोमध खुर्चीवर बसले होते, शुभ्र कपड्यांत. गणपतीच्या मंडपाचा विषय चालला होता. काशीराम उठला. हात वर केला नाही.

"मला बोलायचंय. मी पडतेसाहेबांना मत दिलं नाही. मी मार्तंडला दिलं."

काशीराम वाट बघत होता. त्याला वाटलं होतं, कुणीतरी अंगावर येईल, बिल्ला काढ म्हणेल, दाराबाहेर घालवेल. त्यासाठी तो तयार होऊन आला होता. चपला त्यानं दाराजवळच, हाताला लागतील अशा ठेवल्या होत्या.

पडत्यांनी भाऊंकडे बघितलं. भाऊंनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला.

"अरे काशीराम," ते समजुतीनं म्हणाले, "मत गुप्त असतं. तुझं मत तुझ्यापाशी. काम तर तू आमचं केलंस ना?"

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले, वाईट हेतूनं नव्हे. पडतेही हसले आणि त्यांनी शेजारच्या माणसाला सांगितलं, "घाडींना चहा द्या."

"बस खाली," भाऊ म्हणाले. "हं, मंडपाचं काय ठरलं?"

काशीराम बसला.